दुसऱ्या अल्बमवर कोण वाजवतंय

४ फेब्रुवारी

ढम्या,

तुझा पत्ता आईकडून काढला. देत नव्हती. "त्याने बजावलंय, ताईला देऊ नकोस." मग मी सांगितलं, तुझं जाकीट माझ्याकडे राहिलंय, पार्सल करायचंय. जाकीट वगैरे काही नाही, वाट बघू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला एकच टिक. म्हणून वयाच्या चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा पत्र लिहितेय, तेही लिफ्टच्या तक्रारी घेता घेता, ऑफिसात बसून. आज सकाळपासून दोनच लिफ्ट अडकल्यात, त्यामुळे वेळ आहे. एका बाईला आत्ताच सांगितलं, "माणूस निघालाय मॅडम, पाचच मिनिटं." तो अजून जेवतोय.

आधी कामाचं. आपला दुसरा अल्बम निघाला तेव्हा त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं, हे तुलाही माहीत आहे. पण बटणवालीने त्याचं जे रिमिक्स केलंय, त्याने कमाल केलीय. तीच गाणी, माझाच आवाज, पण गिटार जवळजवळ नाही, सगळीकडे तिच्या यंत्रांची घरघर, आणि मधोमध ड्रम. लोक वेडे झालेत. २० जूनला मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठरलाय. अकराशे खुर्च्या. त्यांना रिमिक्स हवंय, पण माणसांनी समोर बसून वाजवलेलं हवंय. आणि त्या रिमिक्सवर ड्रम तुझे आहेत.

ते तुझे आहेत हे तुला कसं कळलं, त्याबद्दल मी बोलणार नव्हते. पण तू आधी बोललास. नोव्हेंबरात रिमिक्स ऐकलंस आणि जगजाहीर लिहून टाकलंस, "माझं वाजवणं काढून तिथे कुठला तरी शिकाऊ पोरगा बसवलाय. त्याला ठेका कशाशी खातात तेही माहीत नाही." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मला आधी फोन केला असतास तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. त्याऐवजी बटणवालीने तुला मूळ ट्रॅक पाठवला. त्यावर तुझं नाव, तारीख, वेळ दुपारी चार वीस. शिकाऊ पोरगा तूच. आणि अल्बमवर जो सफाईदार वाजवतोय, ज्याला तू दीड वर्ष 'मी' समजत होतास, तो भाड्याने आणलेला माणूस.

ही कल्पना रेकॉर्डिंगवाल्याची होती. मला उशिरा कळलं. तोवर फार पुढे गेलं होतं.

जे झालं ते झालं. २० जूनला ये. सरावाचे दिवस कळवते. तिथल्या दातांच्या लॅबमधून रजा मिळेल ना? कवळ्या काही कुठे पळून जात नाहीत.

ताई


१९ फेब्रुवारी

ढम्या,

पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. बरं.

मागच्या पत्रात एक थाप मारली. तुझे भाऊजी म्हणाले, निदान पत्रात तरी खोटं लिहू नकोस, कागद राहतो. तेव्हा ऐक. कल्पना माझी होती. रेकॉर्डिंगवाला नाहीच म्हणत होता. म्हणाला, "सरळ काढून टाका ना त्याला, हे काय चोरटं काम?" मीच म्हटलं, भाऊ आहे माझा, काढून कसं टाकू?

तुला पहिल्या अल्बमचं ते परीक्षण आठवतं? 'ड्रमर जिना उतरताना दर वेळी एक पायरी चुकवतो.' तू ते वाचून हसला होतास, कापून पाकिटात ठेवलं होतंस. मी हसले नव्हते. ती पायरी मला आधीपासून ऐकू यायची. दर कोरसच्या आधी तू किंचित अडखळायचास आणि मग पळायचास. म्हणून दुसऱ्या अल्बमला मी तुझ्या कानात माझ्या आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजाबरोबर क्लिकही घातलं, सेकंदाच्या काट्यासारखी टिकटिक. तरी तू अडखळलासच. वर म्हणालास, "ताई, हे क्लिकच हळू चाललंय." नाचता येईना अंगण वाकडं!

तेव्हा तू इथल्या लॅबमधून दोनला सुटायचास आणि तीनपर्यंत स्टुडिओत यायचास. म्हणून चष्मेवाल्याला, त्या भाड्याच्या ड्रमरला, सकाळी आठला बोलवायचे. असं नऊ दिवस. तू आदल्या दिवशी जे वाजवलेलं असायचं ते तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवायचा, नीट. ड्रमच्या प्रत्येक पायापाशी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या मारल्या होत्या, म्हणजे तो उठला की सगळं पुन्हा तुझ्या जागेवर सरकवता यावं. त्या पट्ट्या बघून तू म्हणाला होतास, "वा, काय व्यवस्थित काम आहे यांचं!" एकदा स्टूल उंच राहिलं. चष्मेवाला तुझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. तू बसलास आणि म्हणालास, "इथे कोण बसलं होतं?" मी म्हटलं, "मीच, टाइमपास करत होते." तू ते खाली फिरवलंस आणि मनापासून वाजवायला लागलास. काचेच्या या बाजूला रेकॉर्डिंगवाल्याने आवाजाचं बटण बंद केलं होतं. म्हणाला, उगाच कशाला कान शिणवायचे. ऐकून मी हसले.

सगळं सांगायचं ठरवलंय, तर तेही सांगते. अल्बम पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून ऐकला ती संध्याकाळ. आमच्या बैठकीच्या खोलीत. तू खाली जमिनीवर बसला होतास, स्पीकरला जवळजवळ चिकटून. तिसऱ्या गाण्यानंतर वळलास आणि म्हणालास, "ताई, मी एवढा चांगला वाजवतो?" तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तुझे भाऊजी उठून स्वयंपाकघरात गेले ते गेलेच. रेकॉर्डिंगवाल्याने तोंडावर उशी धरली. मी म्हटलं, "मग! भाऊ कोणाचा?"

तू लॅबमधल्या सगळ्यांना अल्बम वाटलास. तुमच्या मालकाने त्यांच्या मशीनवर लावला आणि दिवसभर तोच वाजवला, हे तू मला तीन वेळा सांगितलंस. दीड वर्ष तू ताठ मानेने फिरलास. तो आनंद तुला कोणी दिला? मी दिला. खोटा असेल, पण तुला तर खराच वाटत होता ना?

मला माफी मागायला जमत नाही, तुला माहीत आहे. वाईट वाटतंय. एवढंच.

२० जून विसरू नकोस.

ताई


१५ मार्च

ढम्या,

आई म्हणते माझी पत्रं तू वाचतोस, फाडत नाहीस. मग लिहीत राहते.

आम्ही सराव सुरू केला. टायरच्या दुकानावरची तीच खोली, तोच रबराचा वास. तू येईपर्यंत म्हणून चष्मेवाल्याला बसवलं. हुशार माणूस आहे, कागदावर लिहून दिलं तर काहीही वाजवेल. त्याने रिमिक्स आठ दिवस ऐकलं, तू कुठे किती थांबतोस ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून आणलं. तक्ता केला. आणि वाजवलं तर असं वाटलं की एखादा धडधाकट माणूस लंगडण्याची नक्कल करतोय. आम्ही चार दिवस ते ऐकलं. पाचव्या दिवशी त्याने काठ्या खाली ठेवल्या. "मॅडम, मला बरोबर वाजवायचे पैसे मिळतात. चूक वाजवायला मला येत नाही. तुमच्या भावालाच बोलवा." अपमान त्याचा झाला होता की तुझा, मला कळलं नाही.

मग बटणवाली आली. तिला मी आधी खूप झापलं होतं, तुला तो ट्रॅक का पाठवलास म्हणून. ती म्हणाली, "त्याने विचारलं हा पोरगा कोण, मी सांगितलं कोण." तिला वाटलं होतं आपण कौतुक करतोय. घोळ मुळात आमचाच होता. रिमिक्स करायचं ठरलं तेव्हा मी रेकॉर्डिंगवाल्याला सांगितलं, "तिला सगळं पाठवून दे." त्या शहाण्याने खरंच सगळं पाठवलं, बंद करून ठेवलेले तुझे ट्रॅकसुद्धा. तिने उघडून बघितलं तर प्रत्येक गाण्याला दोन दोन ड्रमर, एक चालू, एक मुका. तिने चालू होता त्याला बंद केलं आणि मुक्याला चालू केलं. झाकली मूठ होती ती अशी उघडली.

तर ती आली, तिची यंत्रांची पेटी टेबलावर ठेवली आणि मला म्हणाली, "तुम्ही सगळे थांबण्याचं काय धरून बसलाय? तो उगाच थांबत नाही."

"मग?"

"तुमच्यासाठी थांबतो. हे ऐका."

तिने माझ्या आवाजाचा ट्रॅक लावला, एकटा. शब्द यायच्या आधी मी श्वास घेते तो आवाज तिने मोठा केला. मग तुझा ट्रॅक त्याच्याबरोबर. मी श्वास लांब घेतला की तू जास्त थांबलेलास. छोटा घेतला की कमी. एका ठिकाणी मला खोकला येत होता, मी दोनदा श्वास घेतला, तर तू तिथे दोनदा थांबलेलास. सगळ्या अल्बमभर. काठी हवेत धरून.

"क्लिकपेक्षा त्याला तुम्ही जास्त ऐकू येत होतात," ती म्हणाली. "मी फक्त क्लिक काढलं."

तुझे भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, चहा कोण घेणार?

मला शाळेचा चढ आठवला. माझी छाती भरायची आणि तू पुढे पळायचास, मग मधेच बसून बुटाची नाडी बांधत बसायचास. रोज त्याच वळणावर. आणि मी मागून धापा टाकत येऊन तुझ्या पाठीत धपाटा घालायचे, "रेंगाळतोस काय, उशीर होतोय!" तू कधी बोलला नाहीस. तुझ्या बुटांना नाड्याच नव्हत्या, पट्टे होते. हे मला इतक्या वर्षांनी, टायरच्या दुकानावर बसून लक्षात आलं.

ये रे. कामासाठी नाही म्हणत. म्हणजे कामासाठीही म्हणतेय.

ताई


१२ एप्रिल

ढम्या!

पोस्टकार्ड मिळालं. 'येतो. ३ मे. दोन दिवस.' किती बोललास रे, घसा दुखला नाही ना?

मी ते ऑफिसातल्या फोनपाशी लावून ठेवलंय. आज एक काका सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे अडकले होते, त्यांच्याशी मी इतकं गोड बोलले की ते म्हणाले, मॅडम, घाई नाही, येऊ देत सावकाश.

आता नीट ऐक. आई सांगत होती की तू रोज कामावर जायच्या आधी दोन तास खोलीत रबराच्या गादीवर ठोकत बसतोस, कानाला हेडफोन लावून. घरमालकीण खालून झाडू आपटते म्हणे. हे बंद कर. सराव करून येऊ नकोस. आयुष्यभर तुला 'सराव कर, सराव कर' म्हणून पिडलं ती मी, आणि आज मीच सांगतेय, आहेस तसा ये. येताना आळशी राहा, दोन दिवस झोप काढ, वेंधळेपणा कर. आम्हाला जुना ढम्या हवाय.

चष्मेवाल्याला कळवलंय. तो म्हणाला, "मीही येईन ऐकायला. बघू तरी कसं करतो." त्याचा राग नाही, उलट उत्सुकता आहे. तू त्याच्याशी नीट वाग. तो गरीब माणूस, त्याचा काय दोष, त्याला बोलावलं तिथे तो बसला.

आईला दम दिलाय की घरी विषय काढायचा नाही. ती म्हणाली, "विषय तुम्हीच काढता आणि माझ्यावर ढकलता." आपलेच दात, आपलेच ओठ. दातांचं तुला जास्त कळतं.

मी खूश आहे ढम्या. कागदावर लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

ताई


६ मे

प्रिय भाऊ,

काल बसथांब्यावर तुला म्हटलं, 'चल, भेटू वीसला.' ते खोटं होतं. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून आता लिहितेय.

तू खोलीत आलास तेव्हा बारीक झालेला दिसलास. माझ्याकडे न बघता ड्रम लावलेस. स्टूल स्वतः फिरवून उंच केलंस. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. कानात क्लिकवाल्या हेडफोनची बोंडं घातलीस आणि म्हणालास, "ताई, आता ऐक."

आणि वाजवलंस. एक चूक नाही. पहिल्या कोरसला मी श्वास घ्यायला गेले आणि तू माझ्या आधी पलीकडे पोचलेला होतास. शब्द अर्धा गिळून मी पळत तुला गाठलं. दुसऱ्या कोरसला तेच. तिसऱ्याला माझी छाती भरून आली, मी माइकपासून बाजूला झाले, तरी तू वाजवतच राहिलास, शेवटपर्यंत, भिंतीकडे बघत. थांबलास तेव्हा चष्मेवाला उठला, तुझ्याकडे आला आणि त्याने तुझा हात हातात घेतला. "सहा महिन्यांत? अरे, मला सहा वर्षं लागली होती."

तुझा चेहरा त्या संध्याकाळी होता तसा झाला. या वेळी कौतुक खरं होतं.

"थांबला का नाहीस?" मी विचारलं.

"कुठे?"

"कोरसच्या आधी. थांबायचास तिथे."

"थांबायचं नसतं तिथे. तूच सांगायचीस ना? यांचे ट्रॅक लावून रोज दोन तास बसलो मी." तू चष्मेवाल्याकडे बोट दाखवलंस. "ती खोड मी काढून टाकली, ताई. मुळासकट. मुळाचा तुकडा राहिला की पुन्हा ठणकतं."

"पण आता तेच हवंय, राजा. कान मोकळे ठेव. माझ्याकडे बघून वाजव."

तू बोंडं काढलीस. माझ्याकडे बघितलंस. मनापासून प्रयत्न केलास, मला दिसत होतं. कोरस आला, तू ओठ हलवून मोजलंस, मधे एक भोक सोडलंस आणि पुढे गेलास. पुन्हा केलंस. पुन्हा. दुपारपर्यंत अठरा वेळा. शेवटी चष्मेवाला हळूच म्हणाला, "नाही रे, मीही तसंच करत होतो." मग तुम्ही दोघं खाली जाऊन चहा प्यायलात आणि मी वर बसून ऐकत होते, दोघं काठीची पकड कशी असावी यावर बोलत होतात. तू हसत होतास. तुला कळलंच नव्हतं की तू नापास झालायस. तू पास होऊन दाखवायला आला होतास.

बटणवालीशी बोलले. तिच्याकडे तुझे जुने ट्रॅक आहेतच. २० जूनला ती ते यंत्रातून वाजवेल. माझा आवाज, भाऊजींचा बेस, आणि दोन वर्षांपूर्वीचा तू. लोकांना तोच हवा आहे. मलाही तोच हवा आहे.

तेव्हा येऊ नकोस. तुला मी बँडमधून दुसऱ्यांदा काढतेय, या वेळी निदान सांगून. तुझ्या जागी दुसरा कोणी बसणार नाही, याचं तुला बरं वाटावं. तूच आहेस तिथे.

ताई


२८ मे

भाऊ,

चार पानं. म्हणजे तुला लिहिता येतं तर.

तू दोन गोष्टी मागितल्यास. 'एकतर मला घे, नाहीतर माझं ते जुनं वाजवलेलं सगळीकडून पुसून टाक. दोन्हींपैकी एक कर ताई, मग मी काही मागणार नाही.' खाली लिहिलंयस की लॅबमध्ये कोणी रिमिक्स लावलं की तू हातातलं काम टाकून बाहेर जातोस. परवा घाईत एका म्हातारीच्या कवळीचा साचा फुटला.

भाऊजींनी तुझं पत्र वाचलं आणि म्हणाले, "पोराला एकदा मारलंस, पुरे नाही का? पुसून टाक." तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. जेवायला वाढते, ते जेवतात, ताट उचलून नेतात.

पुसणार नाही.

पहिल्या अल्बमच्या वेळी तू एका कागदावर सही केलीस, आठवतं? तू काय काय वाजवशील ते सगळं बँडचं, आणि बँड म्हणजे मी. तू वाचायला घेतलास तेव्हा मीच म्हटलं, "ताईवर भरवसा नाही का तुझा?" तू न वाचता सही केलीस आणि वर सॉरी म्हणालास. तो कागद माझ्या कपाटात आहे. वकिलाकडे जायचं तर जा. तो तुला हेच सांगेल.

कागद नसता तरी पुसलं नसतं. रोज दुपारी ऑफिसात, फोन शांत असला की मी ते ऐकते. एकटे तुझे ड्रम, दुसरं काही नाही. मधे मधे ते थांबतात आणि मी मनात श्वास घेते. मला जन्मात कोणी इतकं लक्ष देऊन ऐकलेलं नाही, नवऱ्यानेही नाही. मला तुझी आठवण येत नाही रे. त्याची येते. तू समोर आलास आणि ती गोष्ट तुझ्यात नव्हती. ती तू माझ्यामुळेच काढून टाकलीस, हे मला समजतं. समजून काय करू? ती आता फक्त त्या ट्रॅकमध्ये उरलीय, आणि तो ट्रॅक माझा आहे.

तुला वाईट वाटेल. वाटू दे.

ताई


२१ जून

ढम्या,

तू येशील असं वाटलं नव्हतं. तिकीट काढून आलास. डाव्या बाजूच्या दुसऱ्या खांबापाशी उभा होतास, हातात काठ्या नाहीत, पिशवी नाही. रंगमंचावरून समोरचं काही दिसत नाही म्हणतात, ते खोटं आहे. ओळखीचं माणूस दिसतं.

पहिली दोन गाणी तू हात बांधून ऐकलीस. ड्रमच्या जागी बटणवालीचं टेबल होतं, त्याच्याकडे बघत होतास. तिसऱ्या गाण्याला तुझं बोट खांबावर वाजायला लागलं. तुला ठाऊकही नसेल.

मग कोरस आला. मी श्वास घेतला. मागे यंत्रातला तो जुना ढम्या थांबला, आणि अकराशे माणसं त्याच्याबरोबर थांबली. त्यांना आता ती जागा पाठ झालीय. सगळ्या सभागृहात एकच आवाज झाला, तुझ्या बोटाचा खांबावर. तो मला ऐकू येणं शक्य नाही, पण मी बघितलं. बोट आधी पडलं. बरोबर वेळेवर, क्लिकवर. आणि त्यानंतर, सगळ्यांबरोबर, ड्रम पडला.

पुढच्या कोरसला तू बोट वर धरून ठेवलंस. डोळे मिटलेस. माझ्यासाठी थांबायचा प्रयत्न करत होतास, बरोबर ना? मी मुद्दाम श्वास लांब घेतला, तुला वेळ मिळावा म्हणून. तरी आधीच पडलं.

तू बोटाकडे बघितलंस. शेजारच्या मुलीने तुला हाताने खूण केली, अहो, थांबा ना जरा. तू तिला सॉरी म्हणालास, ओठांवरून कळलं. मग माणसांतून वाट काढत दाराकडे गेलास. दार उघडलं तेव्हा बाहेरचा उजेड आत आला आणि मला तुझी पाठ दिसली.

गाणं थांबवून तुला हाक मारता आली असती. माइक हातातच होता. मी मारली नाही. तो पुढे वाजवत होता, आणि अजून चार गाणी बाकी होती.

ताई